आमचा माणूस मंगळवारी येईल

लोटन आप्पांना यातून मिळणार काय होतं, ते आधी मांडून घेऊ या.

गावात मतं बाराशे सहा. सरपंचकीला आप्पा मागच्या वेळी पडले ते तेरा मतांनी, त्याच्या आधी पडले ते एकोणीस मतांनी. म्हणजे पाच वर्षांत सहा मतांची प्रगती! ह्या चालीने तिसऱ्या निवडणुकीला खुर्ची नक्की होती, पण तोवर आप्पांचं वय झालं असतं शहात्तर. शिवाय प्रचार म्हणजे दोनशे ऐंशी घरं, आणि तापीकाठी अर्धा कप चहा पाजल्याशिवाय कुणी उंबऱ्यावरून सोडत नाही. मागच्या निवडणुकीत आप्पांना मतं कमी आणि साखर जास्त मिळाली होती. डॉक्टर म्हणाले होते, "पाटील, आणखी एक निवडणूक लढवलीत तर पाय कापावा लागेल."

आता हे सगळं जर एक यंत्र फोनवरून करणार असेल, तर जमेला आले दोन गुडघे, एकशे चाळीस कप चहा आणि खुर्ची. खर्चाला? काही नाही! फुकट!

तसे आप्पा नव्या विद्येच्या बाबतीत गावात सगळ्यांत पुढे. प्रकाशा गावाहून येणाऱ्या पहिल्या एसटीने पेपर आला, की स्टॅंडवरच्या हॉटेलात बसून ते तो मोठ्याने वाचत आणि मग देशाला निकाल देत. "पक्ष बदलणं म्हणजे सिमकार्ड पोर्ट करणं. नंबर तोच, रिंगटोन तीच, फक्त नवी कंपनी आठ दिवस गोड बोलते." किंवा, "स्मार्ट मीटर बसवतात म्हणे. मीटर हुशार झालं, की समजायचं आपली पाळी वेड्यात निघायची!" माणसासारखं बोलणारं यंत्र निघाल्याची बातमी आली, तेव्हाही आप्पा डगमगले नाहीत. "त्यात काय विशेष? यंत्रासारखं बोलणारी माणसं आपण इतकी वर्षं निवडून देतोच आहोत!"

तेच यंत्र घेऊन त्यांचा जावई सुरतेहून आला.

जावई हेमकांत सुरतेत एका कंपनीत होता. पाण्याचे फिल्टर विकायचे आणि दुरुस्त करायचे, हा कंपनीचा धंदा. गिऱ्हाइकांना फोन करायला कंपनीने असलं बोलकं यंत्र ठेवलं होतं.

"मामा, दहा मिनिटं बोला फक्त," हेमकांत म्हणाला. "तुमना आवाज त्यामा टाकी देस. मग त्ये तुमनामायकच बोली. आपली अहिराणीमा!"

"आणि फिल्टरचं?"

"त्ये काढी टाकस ना! 'फिल्टर' शब्द जठे जठे शे, तठून गायब!"

जावयाचं म्हणणं मोडायची आपल्याकडे सोय नाही. त्यातून आप्पांना ते मोडायचंही नव्हतं. आतल्या खोलीत पंखा बंद करून ते बसले आणि दहा मिनिटांच्या जागी पावणेदोन तास बोलले. यंत्राने सगळं ऐकून घेतलं. अशी सहनशक्ती गावात एकट्या सिंधुबाईंकडे होती, आणि त्या आप्पांच्या बायको असल्यामुळे त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी दारातून एकदा डोकावून पाहिलं. "एक आप्पा घरमा झेपत नही, आते दुसरा बनाडी ऱ्हायनात!" एवढं बोलून त्या भाकरी टाकायला गेल्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आप्पांचा एक ठरलेला शब्द होता: "व्हई जाई!" म्हणजे होऊन जाईल. रस्ता करा, व्हई जाई! गटार करा, व्हई जाई! मात्र तो शब्द बोलताना आप्पा डाव्या कानाची पाळी खाजवत, आणि आप्पांनी कान खाजवला की काम होणार नाही, हे गावातलं लहान मूलसुद्धा जाणून होतं. त्यामुळे सगळा व्यवहार चोख होता. आप्पा कुणाला नाही म्हणत नसत आणि कुणी आप्पांवर विसंबून राहत नसे.

यंत्राने शब्द घेतला. कान त्याला नव्हता.

रविवारी सकाळी दूध डेअरीच्या वहीतले सगळे नंबर यंत्रात गेले आणि नऊ वाजता गावभर फोन वाजायला लागले. आप्पा ओट्यावर खाटेवर पाय पसरून बसले होते. समोरच्या घरातून आप्पा बोलत होते. मागच्या गल्लीतून आप्पा बोलत होते. एका वेळी बारा-बारा घरांतून आप्पा बोलत होते! समोरचे कुंदनतात्या कानाला फोन लावून बाहेर आले, खाटेवरच्या आप्पांकडे त्यांनी पाहिलं, फोनकडे पाहिलं, परत आप्पांकडे पाहिलं आणि हात जोडून आत गेले.

"देखं, पाव्हना?" आप्पा जावयाला म्हणाले. "छबूबाई अजून पहिल्या घरी चहा पीत असेल!"

छबूबाई म्हणजे गेल्या खेपेला तेरा मतांनी निवडून आलेल्या सरपंच. यंदाही समोर त्याच. चपला झिजवत घरोघर हिंडायच्या. आप्पांना त्यांची दया आली.

दुपारी बारापर्यंत दोनशे ऐंशी घरं उरकली. आप्पा जेवले, झोपले. सोमवारी हॉटेलात बसून त्यांनी सरपंच झाल्यावर ग्रामपंचायत कशी कागदाविना चालवणार, यावर तासभर भाषण केलं. लोक फार प्रेमाने ऐकत होते. "आप्पा, मंगयवारनं पक्कं ना?" असं दोघातिघांनी विचारलं. मंगळवारचं काय ते आप्पांना कळलं नाही. पण माणूस उमेदवार असला की कळलं नाही म्हणत नाही.

"व्हई जाई!" आप्पा म्हणाले. त्या वेळी त्यांच्या एका हातात पेपर होता आणि दुसऱ्या हातात बशी. कान राहून गेला.

मंगळवारी दुपारी दीड वाजता आप्पांच्या दारात शंभर-सव्वाशे माणसं उभी होती. कुणी तळहातावर आकडा लिहिला होता, कुणी कॅलेंडरचं पान फाडून आणलं होतं.

"एकसष्ट!" गोवाल पुढे होऊन म्हणाला. त्याच्या वस्तीतला हातपंप उन्हाळ्यापासून बंद होता. "आप्पा, मन्हा नंबर एकसष्ट. मिरची तोडाले गऊ नही, मजुरी बुडाडी, सकाळफाईन घर बसेल शे. तुमना माणूस कोठे शे?"

"कोणता माणूस?"

"तुम्हीनच सांगं ना फोनवर!"

गोवालच्या फोनमध्ये बोलणं साठवलेलं होतं. त्याने ते लावलं. आप्पांचा आवाज अंगणात घुमला: "राम राम! मी लोटन पाटील बोली ऱ्हायनू. तुमनं काय काम शे, सांगा!... व्हई जाई!" इथवर आप्पा मान डोलावत होते. पुढे तोच आवाज एकदम शाळेच्या मराठीत घुसला: "आपली तक्रार क्रमांक एकसष्टवर नोंदवण्यात आली आहे. आमचा माणूस मंगळवारी सकाळी दहा ते एक या वेळेत येईल. कृपया घरी थांबा. समाधान न झाल्यास पूर्ण पैसे परत!"

आप्पांनी जावयाकडे पाहिलं. जावई आकाशाकडे पाहत होता.

"मामा... 'फिल्टर' शब्द मी सगळा काढा," तो हळूच म्हणाला. "पण शेवटना वाक्यमा तो शब्दच नव्हता."

तोवर गर्दीतून एक पातेलं पुढे आलं. पातेल्यामागे ममताबाई होत्या.

"आप्पा, मी सांगं, आमनी रंजितानं लगन जमत नही. तुम्हीन म्हने, माणूस मंगयवारे यी, घर थांबा! पोर सकाळफाईन साडी नेसीसन बसेल शे. दोन किलो पोहा कयात! आते हाई कोण खाई?"

"आणि मन्ही म्हैस?" मागून कुंदनतात्या ओरडले. "मी सांगं, म्हैस गाभण ऱ्हात नही. आप्पा म्हने, आमना माणूस यी! मी म्हनं, आप्पा, माणूस काय कामना? रेडा धाडा!"

अंगण हसण्याने फुटलं. आप्पांना वाटलं, चला, निभावलं. हसणारा मतदार अर्धा आपला असतो. पण तेवढ्यात कुणीतरी शांतपणे विचारलं, "त्ये पैसा परतनं काय शे?"

हसू थांबलं.

"परत म्हनतस," तोच आवाज पुढे म्हणाला, "म्हंजे कोनले तरी दिन्हा व्हतीन ना?"

सव्वाशे माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला ठाऊक होतं, की आपल्याला मिळालेले नाहीत. तेव्हा ते शेजाऱ्याला मिळाले असणार, हे उघडच होतं! पाच मिनिटांत वरच्या गल्लीने खालच्या गल्लीवर हजाराचा आळ घातला, खालच्या गल्लीने वरच्या गल्लीवर दोन हजारांचा. दोन सख्खे भाऊ आठ दिवसांपूर्वी कोर्टात समेट करून आले होते, ते तिथेच पुन्हा वेगळे झाले.

आळ तालुक्याला, शहाद्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. चार वाजता निवडणुकीच्या भरारी पथकाची जीप दारात उभी राहिली. पथकाचे सुरुपसिंग साहेब शांत गृहस्थ. ममताबाईंचे पोहे ते नको म्हणाले, आचारसंहिता होती.

"पाटील, किती वाटले?"

"साहेब, एक रुपया नाही! घर तपासा, खळं तपासा! मी आजवर कुणाला एक रुपया दिला असेल तर नाव लावणार नाही लोटन!"

साहेबांनी घर पाहिलं, वहीत 'काही आढळले नाही' असं लिहिलं आणि त्यांचं समाधान झालं. पण आप्पांचं वाक्य सगळ्या अंगणाने ऐकलं होतं.

"म्हंजे खरंच कोनलेच नही?" गोवाल म्हणाला.

"या माणूसना मनमासुद्धा पैसा देवानं नव्हतं!" ममताबाई म्हणाल्या, आणि पातेलं उचलून चालत्या झाल्या. एका वाक्यात कायदा राजी झाला आणि मतदार गेला.

तरीही आप्पा खचले नाहीत, हे त्यांच्या नावावर लिहिलं पाहिजे. "पाव्हना," रात्री जेवताना ते म्हणाले, "ज्या यंत्राने बिघडवलं, तेच निस्तरेल. सगळ्यांना परत फोन लावा आणि सांगा, तो विषय संपला."

हेमकांतने यंत्राला सांगितलं, विषय संपव. यंत्राला विषय संपवायची एकच रीत शिकवलेली होती. बुधवारी सकाळी दोनशे ऐंशी फोन वाजले. आप्पांचा आवाज म्हणाला, "अभिनंदन! आपली तक्रार पूर्णपणे सोडवण्यात आली आहे. आपले समाधान एक ते पाच यांपैकी आकडा दाबून कळवा!"

गोवालने तो फोन बंद हातपंपाच्या दांड्याला टेकून घेतला असं म्हणतात. त्याने दाबलेला आकडा एक होता, तोही शून्य चालत नाही म्हणून. गावाने सकाळभर एक दाबला. कुंदनतात्यांनी म्हशीला दाबायला लावला. ज्यांनी काहीच दाबलं नाही, त्यांना यंत्र रोज सकाळ-दुपार आठवणीचा फोन करत राहिलं, अगदी आप्पांच्याच गोड आवाजात.

आणि गुरुवारी छबूबाईंनी आपला फोन काढला. डेअरीच्या वहीत त्यांचाही नंबर होता! रविवारी यंत्राने त्यांनाही विचारलं होतं, काय काम आहे. बाई हुशार. "लोटनभाऊ," त्या म्हणाल्या होत्या, "माले परत सरपंच व्हनं शे." आणि आप्पांचा खणखणीत आवाज म्हणाला होता, "व्हई जाई!"

तेवढंच कापून त्यांनी रिक्षाच्या भोंग्यावर लावलं. दोन दिवस गल्लीगल्लीतून आप्पा छबूबाईंना शब्द देत हिंडत होते. आप्पा ओट्यावर बसून स्वतःचा प्रचार ऐकत. "आवाज मात्र स्पष्ट आहे," एवढंच ते म्हणाले.

रविवारी मतदान झालं, सोमवारी शहाद्याला मोजणी. छबूबाई नऊशे चार. लोटन आप्पा सत्त्याण्णव.

संध्याकाळी हेमकांत सुरतेला निघायच्या आधी लॅपटॉप उघडून बसला. कंपनीला हिशेब द्यायचा होता. आप्पा शेजारी खाटेवर होते.

"मामा, कॉलना साडेचार हजार व्हयनात. कंपनीले काय सांगू? मी तुमना नाववर एक फिल्टर लिखी दिन्हा. अकरा हजारना. त्यामा कॉल फुकट व्हई जातस."

जावयाला काय बोलणार? आप्पांनी मान हलवली. जप्त अनामत दोन हजार, फिल्टर अकरा, सुरतेचं परतीचं तिकीट साडेतीनशे, ते सासऱ्यानेच काढायचं. तेरा हजार साडेतीनशे, आणि सगळे आप्पांच्या खिशातून. दुसरं कुणी एक पैसा देणं लागत नव्हतं.

"तक्रारी किती सुटल्या?" त्यांनी सहज विचारलं.

"दोनशे ऐंशीमाईन दोन. एक छबूबाई. पाच दाबं त्यास्नी, आज दुपारे."

"आणि दुसरी?"

हेमकांतने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग त्याने लॅपटॉप सासऱ्यांकडे वळवला. डेअरीच्या वहीतला पहिला नंबर आप्पांच्या स्वतःच्या घरचा होता. तक्रार क्रमांक एक, सिंधुबाई लोटन पाटील. काम: 'या माणूसनं निवडनूकनं येड कायमनं जावाले पाहिजे.' समाधान: पाचपैकी पाच. वेळ: आजच, निकालानंतर चार मिनिटांनी.

आप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, रोजच्यापेक्षा जरा तालात.