जुन्या वेशीतला पोळा

अन्याय शब्बीरभाई गादीवाल्यांवर झाला आणि विनायककाका ढोमण्यांवर झाला. गेल्या पोळ्याला, दुपारी चारच्या सुमारास, जुन्या वेशीत. "कोणाले काही झालं नाही, सगळं शांततेत पार पडलं," असं गावात सांगतात. साफ खोटं आहे.

आधी काका. कारण हा माणूस पोळ्याला स्कूटर सजवतो.

पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर नोकरी झाली. शेत नाही, आणि बैल तर त्यांच्या आजोबांनीही पाळला नव्हता. पण आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे शेकतात, तेव्हा काका पळसाच्या पानाने स्कूटरच्या हॅण्डलला लोणी-हळद चोळतात आणि तिला जेवायचं आवतन देतात. दुसऱ्या दिवशी आरशांना बेगड, हेडलाइटवर बाशिंग, सीटवर झूल. मग ती ढकलत नेऊन बैलांच्या रांगेत उभी करायची. ढकलत, कारण "आज तिले जुपाचं नसते."

"काका, कडबा खाते का हे?" पोट्टे विचारतात.

"तुह्यापेक्षा कमी खाते."

ती झूल शब्बीरभाई शिवून देत. गादीच्या उरलेल्या कापडाची, दरवर्षी नवी.

आमच्या गावात वेशीतल्या रस्त्याच्या अलीकडे हिंदू वस्ती, पलीकडे मुसलमान. वेशीचा एक खांब केव्हाच पडला. उरला तो अलीकडे, आणि त्याच्या समोर, पलीकडे, शब्बीरभाईंच्या दुकानाची भिंत. त्यामुळे आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं तर दोराचं एक टोक खांबाला आणि दुसरं त्या भिंतीतल्या लोखंडी कडीला. खांबाची गाठ काका मारत, कडीची शब्बीरभाई.

"शब्बीर, ओढ ना बे! कापूस पिंजून राह्यला का?"

"गाठ तुम्हारी ढिल्ली है ढोमने बाबू, मेरी नहीं!"

मग झडत्यांची गाणी व्हायची, तोरण तुटायचं, बैल पळायचे, पोळा फुटायचा. काका स्कूटर ढकलत सगळ्यांच्या मागून, धापा टाकत.

मग वेस 'वारसा' झाली आणि वाटोळं झालं. अलीकडे समिती निघाली, म्हणे ही आमच्या राजाने बांधली. पलीकडेही समिती निघाली, म्हणे आमच्या नवाबाने. दोघांनी आपापल्या नावाचे फलक रंगवून आणले. काका म्हणजे गावातला जुना कारकून, तेव्हा दोघेही त्यांना साक्षीला बोलवायला आले.

"बांधणाऱ्यानं सही-शिक्का नाही मारला, बाप्पा," काका म्हणाले. "कोणाच्या नावानं जावक करू?"

त्या दिवसापासून अलीकडे त्यांच्याशी कोणी बोलत नाही आणि पलीकडे कोणी बोलू देत नाही.

या दोन समित्यांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालं आहे. अलीकडच्यांना आपला दोर त्यांच्या भिंतीला नको होता. पलीकडच्यांना आपली भिंत यांच्या दोरासाठी नको होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी ग्राइंडर आणून कडी कापली. पोळा बाजाराच्या मैदानावर गेला, लोखंडी पाइपांखाली. लाउडस्पीकर, फेटे, भाषणं.

मी तिथे कडी कापल्याच्या निषेधाची पत्रकं वाटत होतो. लोक घेत होते आणि त्यावर बसत होते. रांगेत स्कूटर दिसेना, म्हणून मी वेशीकडे गेलो.

रस्ता रिकामा. बाशिंग बांधलेली स्कूटर उभी, अंगावर गेल्या वर्षीची विटलेली झूल. दोराचं एक टोक खांबाला बांधलेलं आणि दुसरं काकांच्या हातात. सत्तरीतला माणूस, भिंतीला पाठ लावून, हात डोक्यावर ताणून, कडी होती त्या जागी उभा. शब्बीरभाईंचं शटर बंद. वरची खिडकी लोटलेली.

"काका, कायले हे? इकडे एक बैल येणार नाही."

"माहीत आहे मले."

"मंग सोडा ना तो दोर!"

"हळू बोल, लेका." काकांनी दोर आणखी वर धरला. "तो वरून पाहून राह्यला असन. पोरानं त्याले खाली येऊ नाही देल्लं. त्याले असं नाही वाटलं पाह्यजे, का त्याच्या भिंतीपायी गावाचा पोळा मोडला."

मी दोर धरायला हात पुढे केला. दिला नाही. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत काका तसेच उभे होते. खिडकी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शब्बीरभाईंचं दार वाजवलं. त्यांनी फटीतून माझ्या मागे पाहिलं, रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"अकेले आए हो, बेटा?" म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

हे वाचणारे बरेच जण त्या दिवशी मैदानावर फेटे बांधून उभे होते. मी पाहिलं आहे. त्यांना सांगतो: राजा की नवाब, ते भांडण तुम्हाला जन्मभर पुरेल, करत बसा. पण उद्या सकाळी त्या दारासमोर या. अलीकडचे या, पलीकडचे या. मला एकट्याला परत पाठवता येतं. तुम्हा सगळ्यांना नाही येणार. या.