ओटा तुहा, गिऱ्हाईक गावचं

वामनभाऊंच्या हाती आपला फोन देऊ नये, हे पोंभुर्ण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वेळ पाहायला म्हणून ते फोन घेत आणि परत देत तेव्हा त्यात त्यांच्या लेकीचं ॲप बसलेलं असे.

लेक पल्लवी हैदराबादेत नोकरीला. झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी ऐकवणारं ॲप तिनं बनवलं. ऐकणाऱ्याचे पैसे थेट नाटक मंडळांना जायचे. फोनमधलं ॲपांचं मोठं दुकान म्हणालं, पैसे आमच्याच गल्ल्यातून घ्या, आमचा हिस्सा ठेवा. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. नाही म्हणाली. दुकानानं ॲप काढून टाकलं.

वामनभाऊंची हयात आठवडी बाजारात पावत्या फाडण्यात गेली. एका ठेकेदारानं वेशीजवळचा ओटा स्वतःच्या भावाला देऊन बाकीच्यांना चिखलात बसवलं, तेव्हा यांनी भर बाजारात त्याला सुनावलं होतं, "ओटा तुहा, गिऱ्हाईक गावचं." तेच वाक्य आता ते ॲपांच्या दुकानाला ऐकवू लागले. दुकान ऐकत नव्हतं, त्यामुळे आम्ही ऐकायचो.

दुकानाबाहेरून ॲप कसं टाकायचं, हे पल्लवीनं त्यांना फोनवरून शिकवलं. टाकताना दर वेळी इशारा यायचा, 'हे ॲप हानिकारक असू शकते.' वामनभाऊ खवळायचे.

"काऊन जी? गानं ऐकून कोनाले हगवन लागली का?"

बसस्टँडवरचं माझं झेरॉक्सचं दुकान हा त्यांचा अड्डा. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस नाटकाची गाणी घेऊनच जायचा. संध्याकाळी पल्लवीचा फोन येई, "बाबा, आज कोनाकोनाले देल्लं?" मग हे छाती फुगवून एकेकाची हकीकत सांगत बसायचे.

पुढे मोठ्या कंपन्यांच्या दादागिरीची चौकशी करणाऱ्या दिल्लीच्या आयोगानं निकाल दिला. दुकानदारानं आपलाच गल्ला लोकांवर लादू नये, असं त्यात म्हटलं होतं. पल्लवीचं ॲप परत दुकानात लागलं. वामनभाऊंनी सगळ्या बसस्टँडला पेढे वाटले.

"दिल्लीनं माहंच वाक्य उचललं," ते म्हणाले. मी हसलो, पण मलाही फार अभिमान वाटला. आमच्या गावची पोरगी वाकली नव्हती.

आता ते ॲप ज्याचं तो टाकून घेतो. वामनभाऊंकडे फोन घेऊन कोणी येत नाही. पल्लवीचा संध्याकाळचा फोनही हळूहळू थांबला. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

परवा ते माझ्या बाकावर बसले होते. मी पाहत असताना त्यांनी स्वतःच्या फोनमधलं ॲप बोटानं दाबून धरलं आणि काढून टाकलं. मग पल्लवीला फोन लावला.

"अव माय, ते ॲप उडालं पाह्य. कसं टाकाचं, सांग बरं."

"बाबा, मागच्या हप्त्यातच तं सांगतलं."

"इसरलो, माय. पयल्यापासून सांग. मले घाई नाई."

अर्ध्या तालुक्याच्या फोनांत ॲप टाकणारा माणूस डोळे मिटून ऐकत राहिला. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.