हिरालालजींच्या लॉनवर रोवणा

कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेत उगवले आहे ते लॉन नसून धान आहे, हे गुपित निवृत्त पोस्टमास्तर हिरालालजी आणि त्यांची बायको पंचफुलाबाई या दोघांनाच ठाऊक आहे, अशी हिरालालजींची समजूत होती. भंडारा जिल्ह्यात धान न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

ती जागा उद्यानासाठी राखीव होती. पण उद्यान काही होईना, म्हणून नगरपंचायतीने ठराव घेतला, की पाहणीच्या दिवशी जागा हिरवी दिसली नाही तर आरक्षण उठवून तिथे दुकानांचे गाळे काढायचे. वर नवा नियम होताच. बागेला नळाच्या पाण्याचा थेंब घालायचा नाही आणि पावसाचे पाणी जागेतच अडवायचे. संध्याकाळी बाकावर बसून समोरची हिरवळ पाहायची, एवढे एकच स्वप्न हिरालालजींनी नोकरीभर जपले होते. दुकानांची शटरे पाहत म्हातारपण काढणे त्यांच्या जिवावर आले होते. दोनदा विकत आणलेली लॉन उन्हाने भाजून निघाली. शेवटी त्यांनी मृगात सासुरवाडीहून, अड्याळहून, धानाचे बी आणले आणि जागाभर दाट फेकले. पंधरवड्यात भाताच्या कोवळ्या रोपांची अशी हिरवळ उठली की बघत राहावे.

"पऱ्हे हायेत ते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "वेळेवर उपटून रोवले नाही तं वाया जातात. मंग मले बोलू नोका."

"रोवाचे नाही व, फक्त दाखवाचे हायेत! साहेब जीपमधूनच पाह्यतात."

पाहणीच्या दिवशी सकाळी हिरालालजी फाटकाच्या शोभेसाठी गुलाबाच्या कुंड्या आणायला साकोलीला गेले. त्यांची पाठ वळताच शेजारच्या गोदावरीबाई भिंतीवरून डोकावल्या.

"काय व पंचफुला, पऱ्हे पिवळे पडून राहिले. कायची वाट पाहून राहिली?"

"ते म्हनतात, हे लॉन आहे."

"म्हनू दे. पऱ्ह्याले कोन समजावन?"

पंचफुलाबाईंनी चहा होईपर्यंत विरोध केला आणि चहा पिऊन पदर खोचला. नोकरीपायी गाव सोडून आलेल्या घरांतल्या बाया त्या. पऱ्हे तयार असताना घरात बसणे म्हणजे पंगत वाढली असताना उपाशी उठणे. एकीचे पाहून दुसरी आली, आणि घटकाभरात सगळी लॉन उपटून तिच्या पेंढ्या फाटकाशी रचल्या गेल्या. मग रोवायला चिखल हवा, चिखलाला पाणी हवे आणि पाणी थांबायला मातीचे बांध, म्हणजे धुरे, हवेत. गोदावरीबाईंच्या दिराने ट्रॅक्टर फिरवला. बाकीच्यांनी चहूबाजूंनी मातीचे धुरे घालून रस्त्यावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी आत वळवले. दुपारी हिरालालजी परतले तेव्हा उद्यानाच्या फलकाखाली भातशेताची बांधी तयार होती आणि बाया रोवण्याची गाणी म्हणत रोपे लावायला वाकल्या होत्या. हातातली एक कुंडी तिथेच फुटली.

"पंचफुला! माही लॉन कुठी गेली?"

"हे काय, ओळीत लावली."

तेवढ्यात जीप आलीच. पाहणीचे रामटेके साहेब आणि त्यांचा कारकून अंकुश खाली उतरले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारले.

"लॉन आहे जी," हिरालालजी कसेबसे म्हणाले. "जराशी विरळ झाली."

"उद्यानाच्या जागेत शेती? अंकुश, फोटो घ्या. नियमाप्रमाणे लगेच ऑफिसच्या ग्रुपवर टाका."

हिरालालजींना डोळ्यांपुढे शटरे दिसू लागली. साहेब धुऱ्यावरून रागारागाने चालत गेले आणि गोदावरीबाईंपाशी थबकले. त्यांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती केली.

"बाई, ही ओळ वाकडी चालली आहे."

"वाकडी दिसते तं उतरून सरळ करा जी!"

साहेब मूळचे नाकाडोंगरीच्या शेतकऱ्याघरचे. नोकरी लागल्यापासून त्यांचा पाय चिखलात पडला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, फाइल हिरालालजींच्या हातात दिली, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले. चिखलात उतरताच त्यांची ऑफिसातली मराठी काठावरच राहिली.

"इतके जवळ काहून लावून राहिल्या? धानाले पसराले जागा नोको? फेक थे पेंढी इकडे!"

ओळ सरळ झाली, दुसरीही झाली. तिसरीला साहेब गाण्यात सूरही मिळवू लागले.

"झालं साहेब, फोटो टाकला," अंकुश धुऱ्यावरून म्हणाला. "भल्ला मस्त आला!"

साहेबांनी मोबाईलमध्ये डोकावून पाहिले. वर 'उद्यानासाठी राखीव' हा फलक, आणि त्याच्या बरोबर खाली, पोटरीभर चिखलात, हातात पेंढी घेऊन खळखळून हसणारे साहेब.

"अरे, दुसरा काढाचा होता ना!"

"दुसऱ्यात बी तुमीच हाये. मी वाट पाहिली, पन तुमी बाहेर निघूनच नाही राहिले."

गाणे थांबले. साहेबांनी फोटोकडे पाहिले, धुऱ्यांकडे पाहिले, मग घसा साफ करून, चिखलातच ताठ उभे राहून, कार्यालयीन आवाज लावला.

"अंकुश, अहवाल लिहा. नळाचे पाणी वापरलेले नाही. पावसाचा एक थेंबही जागेबाहेर जात नाही. हिरवळ आहे. उद्यानाचे आरक्षण कायम ठेवावे."

हिरालालजींना साहेबांना मिठीच मारावी असे वाटले, पण एका हातात फाइल होती आणि दुसऱ्यात उरलेली कुंडी.

"अट एकच," साहेब पुढे सांगू लागले. "सदर गवत दिवाळीच्या आत कापून घ्यावे."

मग त्यांनी पंचफुलाबाईंकडे वळून आवाज खाली आणला.

"कापाच्या दिवशी मले सांगजा जी. इळा मी घरूनच आनतो."