डावीकडून चौथा

ज्याला आपली जागा कळली तो सुखी, असं शहाणे लोक सांगतात. सांगणाऱ्यांनी माझा मधला मुलगा पाहिलेला नसावा. त्याला आपली जागा इतकी पक्की कळली आहे की ती तो घरीसुद्धा सोडत नाही, आणि माझी तक्रार आहे ती हीच.

जेवायला बसला की हा खुर्ची तिरकी करतो, कुणाचं तोंड कुणाआड जाऊ नये म्हणून. कुणी बोलायला लागलं की हनुवटी उचलून, डोळे चमकवून त्याच्याकडे बघत राहतो. मग बोलणारा पाण्याच्या टाकीविषयी का बोलत असेना. दार वाजलं की उघडतो, गुडघा किंचित वाकवतो आणि हात लांब करून बाजूला होतो. परवा नळ दुरुस्त करणारा आमच्या घरात असा काही शिरला की आपण कशासाठी आलो हे त्याचं त्यालाच आठवेना. दवाखान्यात नंबर लावला तर मागचे सगळे पुढे जातात, आणि शेवटी डॉक्टर कुलूप लावायला बाहेर येतात तेव्हा हा त्यांच्याकडेही कौतुकानं बघतो. त्याच्या लग्नाच्या फोटोंत नवरीशेजारी तिचे मामा आहेत. (मामा दिसतात चांगले. नाही म्हणत नाही.)

हे वळण त्याला कामावर लागलं. गावोगाव फिरणारी एक नाच-गाण्याच्या नाटकाची मोठी कंपनी आहे, तिच्या समूहात तो चौदा वर्षं आहे. समूह म्हणजे काय ते मीच सांगते. माझी शाळा चौथीत संपली हे खरं, पण ते नाटक मी एकोणतीस वेळा पाहिलंय. शिकलेली माणसं एकदा बघून बोलतात.

नाटकात एक नायक असतो, एक नायिका असते, एक खलनायक असतो, आणि तेवीस माणसं असतात. हे तेवीस म्हणजे समूह. माझा मुलगा एका प्रयोगात खलाशी, गिऱ्हाईक, शिपाई, लाट, मेलेला शिपाई, लग्नातला पाहुणा, पुन्हा लाट आणि शेवटी नगरवासी होतो. मेलेला शिपाई तो फार छान करतो. पण मेल्यावर चाळीस सेकंदांत उठून, कपडे बदलून त्याला लग्नाला हजर राहायचं असतं, त्यामुळे मरणाकडे म्हणावं तसं लक्ष देता आलेलं नाही.

रंगमंचाच्या कडेला आकडे लिहिलेले असतात आणि प्रत्येकानं आपल्या आकड्यावर उभं राहायचं असतं. गाव बदलतं, आकडा बदलत नाही. रंगमंच लहान निघाला तर समूह आकसतो. नायक आकसत नाही. माझा मुलगा डावीकडून चौथा. म्हणजे आमच्या डावीकडून. पहिली दोन वर्षं मी त्यांच्या डावीकडून मोजत होते आणि भलत्याच कुणाच्या तरी मुलाचं मनापासून कौतुक करत होते. तोही बरा नाचतो.

कंपनीनं समूहासाठी नियमांचा कागद काढलाय. मुलानं तो मला वाचून दाखवला, आणि इतका विचारपूर्वक कागद मी आजवर ऐकलेला नाही. कुणाच्याही पुढे येऊ नये. एक चुकल्यास सर्वांनी तसेच चुकावे, म्हणजे चूक शिल्लक राहत नाही. (हा नियम इतर पुष्कळ कचेऱ्यांत न लिहिताच चालतो.) नायक बोलत असताना आपण हे प्रथमच ऐकत आहोत असा चेहरा ठेवावा. प्रयोग तीनशे अकरावा असला तरी. आणि सर्वांत मोठा नियम, जाड अक्षरातला: नायक येईल तेव्हा दुभंगून वाट द्यावी, गुडघ्यावर बसावे व त्याच्याकडे पाहावे.

बघणं हेच समूहाचं खरं काम. नाचणं-गाणं हे आपलं वेळ जावा म्हणून. तेवीस माणसं एका माणसाकडे अशी बघतात की खुर्चीतल्या हजार माणसांना वाटतं, आपणही बघितलं पाहिजे. स्वतः समूहातल्या माणसाकडे प्रेक्षक एका प्रयोगात सरासरी पाच सेकंद बघतो, आणि त्यातले तीन त्याला शिंक येतेय असं वाटल्यामुळे. (आकडा माझा आहे. खोटा ठरवायचा असेल त्यानं एकोणतीस वेळा यावं.)

आता आमच्या धाकट्या जाऊबाई. त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर. तो एकटा उभा असतो, डोक्यावर दिवा असतो, आणि समोरचा माणूस आ वासून बघत असतो. तेव्हा जाऊबाईंचा तोरा मला समजू शकतो. पण चौदा वर्षं कुठल्याही कार्याला गेलं की त्या चारचौघांत विचारणार, "तुमचा मधला यंदा काय झालाय हो? लाटच का अजून?" मी म्हणायची, "दोन लाटा." पण घरी येऊन तांदूळ निवडताना खड्यांऐवजी तांदूळच फेकायची.

अशात एका बुधवारी त्याचा फोन आला. कंपनी आमच्याच गावात उतरली होती.

"आई, उद्या दुपारी मी मध्ये आहे."

"कशाच्या मध्ये? कुणाची भांडणं लागलीत?"

"मध्ये म्हणजे... नायक."

नायकाचा घसा बसला होता. त्याचा ठरलेला बदली मागच्या गावात जिन्यावरून घसरून पाय मुरगळून बसला होता. यादीत तिसरं नाव माझ्या मुलाचं. प्रयोग जमला तर पुढची अकरा गावं नायक तोच, आणि नाही जमला तर पुन्हा लाट, असं दौऱ्याच्या व्यवस्थापकांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं.

मी काही फारसं केलं नाही. फक्त एकतीस नातेवाइकांना कळवलं आणि दोन रांगा अडवल्या. जाऊबाईंना मुद्दाम माझ्या उजव्या हाताला बसवलं, म्हणजे त्यांचा चेहरा बघायला मान वळवावी लागू नये.

पहिला अंक उत्तम गेला, कारण पहिल्या अंकात नायिका त्याचा हात धरून असते. दोनदा तो तिला वाट द्यायला निघाला, दोनदा तिनं त्याला ओढून जागेवर आणला; लोकांना वाटलं, काय ओढ आहे दोघांत! दुसऱ्या अंकातही ती, नाहीतर खलनायक, कुणी ना कुणी त्याला धरून होतं. मी निर्धास्त झाले. मग आला शेवटचा प्रवेश. त्यात नायक एकटा येतो. वाद्यांचा कल्लोळ होतो, नगरवासी दुभंगतात, मधोमध उजेडाचा मोठा गोल पडतो आणि त्या गोलात उभं राहून नायक शेवटचं गाणं गातो.

वाद्यं वाजली. नगरवासी दुभंगले. गोल पडला. आणि माझा मुलगाही दुभंगला.

चौदा वर्षांचे पाय ते. त्या कल्लोळावर त्यांना एकच वाट ठाऊक. सोनेरी कोट घालून तो तडक डावीकडून चौथ्या आकड्यावर गेला. तिथे त्या दिवशीपुरता घेतलेला बदली माणूस बसला होता. तो सभ्यपणानं अर्धा सरकला. मुलगा गुडघ्यावर बसला, हात लांब केला, आणि रिकाम्या गोलाकडे असा बघू लागला की बस्स. गालाला चिकटवलेला माईक तसाच होता. गाणं त्यानं बसल्या जागेवरून म्हटलं, एक सूर न चुकता. आवाज काय, भिंतीवरच्या कर्ण्यांतून येतो, कुठून निघाला ते कोण विचारतो? समूहानं नियम पाळला. एक चुकला, सगळे तसेच चुकले. चोवीस माणसं त्या मोकळ्या जागेकडे डोळे भरून बघत होती.

हे मला दिसलं, कारण चौदा वर्षं मी दुसरीकडे बघतच नाही. बाकी हजार माणसांनी जिथे बघायचं तिथे बघितलं. गाणं संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या सहा मिनिटं चालल्या. खऱ्या नायकाला त्या आजवर साडेतीनच्या वर मिळालेल्या नाहीत.

बाहेर पडताना दाराशी एक गृहस्थ डोळे पुसत बायकोला सांगत होते, "शेवटी त्यानं आपल्याकडे बघितलं, पाहिलंस?"

"आपल्याकडे नाही," बायको म्हणाली, "माझ्याकडे."

जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. "जाऊबाई, मानलं तुमच्या मधल्याला! उभा कसा होता! खांदे तर अगदी मामंजींचे." आणि त्या खरंच रडत होत्या. आमच्या रांगेत जाऊबाईंना तोंडावर खरं सांगेल असा एकच माणूस होता, ते म्हणजे आमचे हे. पण ते मध्यंतरापासून घोरत होते. तुम्ही त्या दिवशी असतात तर तुम्हालाही दिसला असता. कोटाची बटणं किती होती तेसुद्धा सांगितलं असतंत.

मी मागच्या दाराशी गेले. अर्धा रंग पुसलेला, आठ जणांना दार धरून झाल्यावर तो नववा बाहेर आला. तोंड असं, जणू भर मांडवात कुणाचा खून करून आलाय.

"आई," तो म्हणाला, "मी मध्ये गेलोच नाही. पायच गेले नाहीत."

"पुढे?"

"व्यवस्थापकांनी मिठी मारली. म्हणाले, मध्ये उभं राहावं तर असं. अकरा गावं दिली." तो पुन्हा दाराकडे वळला. "मी जाऊन खरं सांगून टाकतो. ज्यानं काही केलं नाही त्यानं कसलं घ्यायचं?"

मी पदरानं त्याच्या कानामागचा राहिलेला रंग पुसला आणि निकाल दिला.

"खरं कुणाला सांगणार रे शहाण्या? हजार माणसांनी तुला डोळ्यांनी पाहिलंय. त्यात तुझी काकू आहे, आणि तिनं तुझे खांदेसुद्धा ओळखलेत. एवढ्या साक्षीदारांपुढे तुझ्या एकट्याचं कोण ऐकेल? गपगुमान अकरा गावं घे आणि उद्यापासून मध्ये उभा राहा. आणि हे बघ, तू खरोखरच उभा राहिलास म्हणून टाळ्या जरा कमी पडतील. ते काही मनाला लावून घेऊ नकोस."