विमान उडण्याचं मंजूर कारण

ज्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच नीट ठाऊक नसतं, त्यासाठी एक खिडकी उघडावी लागते. विमानतळावर ती चार नंबरची होती आणि तिच्यामागे माहितीकाका बसत. फाटक कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे सांगण्यात त्यांची सत्तावीस वर्षं निर्धोक गेली होती. नियम एकच: कोणताही प्रवासी उत्तराविना परत जाता कामा नये. (उत्तर बरोबर असावं, असं नियमात म्हटलेलं नाही.)

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी खिडकीशी आल्या. दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचं ऑपरेशन, विमान सुटायला चाळीस मिनिटं, आणि मावशींनी पिशवी खाली ठेवून तिच्यावरच बैठक मारली.

"हे उडतं कसं ते आधी सांगा. मगच चढेन."

काकांनी रीतसर इंजिनिअरला बोलावलं. तो हुशार होता, त्यामुळे त्याने खरं सांगितलं. "मावशी, पंखाच्या वर हवेचा दाब कमी, खाली जास्त. त्या फरकावर विमान उचललं जातं."

"म्हणजे खाली आधाराला काय?"

"हवा."

मावशी पिशवीवर आणखी ऐसपैस बसल्या.

शेवटची सूचना झाली. मावशींचे डोळे भरून आले. जायचं तर होतं, पण पाय उचलत नव्हता. काकांना राहवेना. ते चक्क खिडकीबाहेर आले आणि मावशींसमोर उकिडवे बसले.

"मावशी, तो झाला तांत्रिक भाग. विमान उचलतात प्रवासीच. पट्टा कशाला बांधतात? विमान हातचं निसटू नये म्हणून. मग सगळ्यांनी खुर्चीचे हात धरून वर ओढायचं."

"आणि कोणी अंगचोरपणा केला तर?"

"शेजारच्यावर भार. आता तुम्ही नाही गेलात, तर तुमचा वाटा कोण उचलणार?"

मावशी ताडकन उठल्या. "हे आधी नाही का सांगायचं? जन्मभर दुसरं काय केलंय मी!" आणि बाह्या सरसावत निघाल्या.

बातमी पसरली. त्या तिमाहीत दोनशे बारा जणांनी हाच प्रश्न विचारला. इंजिनिअरचं उत्तर ऐकणाऱ्या एकसष्टांपैकी चौदा विमानात चढले, अडतीस जणांनी उपप्रश्न विचारले, नऊ जण बसने गेले. काकांचं उत्तर ऐकणारे एकशे एक्कावन्न. चढले एकशे एक्कावन्न.

साहजिकच काकांवर चौकशी बसली. पाच सदस्यांसमोर काका घाम पुसत उभे राहिले. नोकरी जाणार, हे त्यांनी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "खरं कारण लिहून द्या, उद्यापासून तेच सांगतो."

पाचही जणांनी कागद ओढले. अर्ध्या तासाने पाच वेगवेगळी कारणं निघाली. (अध्यक्षांनी नुसतं 'वेग' लिहिलं होतं. एका सदस्याने 'वरीलप्रमाणे'. वर काही नव्हतं.) काकांचं कारण पुढील आदेशापर्यंत मंजूर झालं.

आठवड्याने मावशींचं पत्र आलं. बहीण सुखरूप होती. "उतरताना मात्र सगळ्यांनी एकदम सोडून दिलं, दणका बसला. जरा समज द्या त्यांना." काकांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

हे वाचून ज्यांना हसू आलं, त्यांनी खरं कारण दोन ओळींत, पुस्तक न उघडता, चार नंबरच्या खिडकीवर द्यावं. आजवर हसलेले सगळेच 'लिहून पाठवतो' म्हणून गेले. गेले विमानानेच.