आणीबाणीची रंगीत तालीम

"पेशंट, कण्हा!" बाबांनी शिट्टी फुंकली आणि स्ट्रेचरवर आडवी झालेली आत्या मन लावून कण्हू लागली.

बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी. नवी गाडी घ्यायची म्हटल्यावर बाकीचे लोक रंग बघतात, ॲव्हरेज विचारतात; बाबांनी चार पानी फॉर्म छापून आणला होता. पहिलाच प्रश्न: 'आणीबाणीत गाडी किती मिनिटांत निघते?' त्यांचं मत पेट्रोलला, आईचं विजेला. म्हणून शोरूमवाल्याकडून विजेची गाडी एका दिवसासाठी मागून आणली होती. "डिकीत सॉकेट आहे साहेब, मिक्सरसुद्धा चालतो," असं तो म्हणाला, तेव्हा बाबा खो खो हसले होते. "म्हणजे रस्त्यात थांबून ज्यूस काढत बसू?"

भिंगरीचं सगळं लक्ष मात्र स्वयंपाकघरात. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने उबवणीपेटीत अकरा अंडी ठेवली होती. परीक्षेलाही हाका मारून उठवावी लागणारी ही नववीतली पोरगी अंड्यांसाठी रोज पहाटे आपली आपण उठत होती. आज एकविसावा दिवस. एका अंड्याला बारीक तडा गेला होता आणि आतून चक्क चिवचिव ऐकू येत होती.

"तालीम खरी वाटली पाहिजे," बाबा म्हणाले. "समजा, वादळ झालं. लाइट गेली!" आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

लाइट गेली. स्विचचा दांडाही बाबांच्या हातात आला.

"बाबा! माझी पेटी!"

"घाबरायचं नाही. आधी पेशंट बाहेर काढू." स्ट्रेचर गॅरेजमध्ये गाडीपाशी पोहोचलं, पण शटर पडलं विजेवर चालणारं. ते ढिम्म हलेना.

"त्याला हाताने फिरवायचं हँडल असतं ना?" आईने विचारलं.

बाबांनी घसा खाकरला. "असतं. मी ते कारखान्यात काचेच्या कपाटात लावलंय. आदर्श नमुना म्हणून."

आत्या कण्हायची थांबली. "दादा, तुझ्या आणीबाणीत सापडण्यापेक्षा मी खरीच आजारी पडते."

वायरमनने फोनवर चारचा वायदा केला. पेटीतला तापमानाचा काटा सदतीसवरून तेहतीसवर घसरला. चिवचिव मंदावली. भिंगरीने पेटीवर शाल टाकली, उशा रचल्या, शेवटी स्वतःच पेटीला मिठी मारली.

"पेट्रोलची गाडी असती तर..." बाबा पुटपुटले.

"असती तर काय अहो? अंडी सायलेन्सरवर शेकली असती?"

भिंगरी डोळे पुसता पुसता थबकली. "मिक्सर!" ती किंचाळली.

"पोरीला ज्यूस सुचतोय बघा," आत्या हळहळली.

"अगं, डिकीत मिक्सर चालतो, मग पेटी का नाही चालणार?"

मग बाबांनी अशी शिट्टी फुंकली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "पेशंट, उतरा! स्ट्रेचर पाहिजे!"

"अरे, माझा पाय मोडलाय ना?"

"बरा झाला!"

पुढे बाबा, मागे आई, मधे हात पसरून भिंगरी आणि हळू, हळू म्हणत सगळ्यांच्या पायांत येणारी आत्या, अशी वरात डिकीपाशी पोहोचली. प्लग बसला. लाल दिवा लागला. काटा चौतीस, पस्तीस, सदतीस. भिंगरीने कान लावला. चिवचिव! आणि आता तर दोन सुरांत.

चारला म्हटलेला वायरमन साडेचारला आला, स्विच बसवला, शटर वर गेलं. पाठोपाठ शोरूमवाला दारात हजर. "साहेब, गाडी न्यायला आलो."

"श्श!" बाबांनी त्याला हाताने अडवलं. "गाडी जागची हलणार नाही. आत बाळंतपण चालू आहे."

बिचारा डिकीत डोकावला आणि तिथेच उकिडवा बसला. भिंगरी नखं खात पिवळी पिल्लं मोजत होती. "सात... आठ... बाबा, नववं!" उरलेली दोन अंडी गप्प होती, त्यांना तिने अजून रात्रभराची मुदत दिली.

बाबांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि फॉर्म भरायला घेतला. आईने खांद्यावरून वाचलं.

'किती मिनिटांत निघाली? निघालीच नाही. प्रवासी: चढले शून्य, उतरले नऊ. निर्णय: हीच घेणे. रंग: पिवळा.'