मॉक ड्रिलची पहिली पंगत

आमच्या अनुष्काच्या हायस्कूलला उद्या खरोखर आग लागली, तरी एकाही पोराच्या केसाला धक्का लागणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. कारण ती योजना माझी आहे! हो, माझी. दहावीनंतर पुस्तकांना रामराम ठोकून घरी ब्लाउज शिवत बसलेल्या वसुंधराची.

झालं असं, की पालक-शिक्षक संघाच्या सभेत मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, शाळेचा आपत्कालीन आराखडा करायचाय, कोण पुढे येतंय? सगळे पालक एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बुडाले. माझा हात मात्र वर. कारण त्याआधी कित्येक दिवस मी शिलाई मशीनला मोबाइल टेकवून जपानच्या शाळांचे व्हिडिओ बघत होते. तिकडची पोरं भूकंपात अशी रांगेनं बाहेर पडतात, की आपल्याकडे प्रसादाला उभी असलेली मोठी माणसंही लाजतील. त्या नादात दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या लागल्या, पण ज्ञानासाठी एवढं चालायचंच.

घरी सांगितलं तर अनुष्काचा चेहरा कारल्यासारखा झाला. नववीतली मुलगी. या वयात आई म्हणजे कपाळावर उठलेली पुटकुळी: आहे हे कबूल, पण कुणाला दिसू नये. शाळेच्या गल्लीचं तोंड आलं की ती मला मागे टाकून पुढे चालायला लागते.

"तुला काय करायचं ते कर," ती म्हणाली. "फक्त शाळेत मी तुला ओळखत नाही."

मी हसले. पण लागलं हो. त्या रात्री ठरवलं, ही ड्रिल अशी करून दाखवायची, की पोरीनं आपणहून मैत्रिणींना सांगावं, ती बघ, ती माझी आई. बाकी शाळेच्या सुरक्षेचं वगैरे होतंच, पण खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं.

आता पहिली अडचण जागेची. शाळेचं मैदान म्हणाल तर अंगण. त्यात अग्निशमनाची गाडी शिरली तर पोरं उभी कुठे राहणार? मग मला रस्त्यापलीकडचा मंगल कार्यालयाचा हॉल दिसला. मोठे दरवाजे, पंखे, पिण्याचं पाणी, बायकांसाठी वेगळी मोरी. मंगळवारी दुपारी मी बघायला गेले, तर व्यवस्थापक काशीराम दोन खुर्च्या जोडून झोपले होते. अख्ख्या हॉलमध्ये ते आणि एक मांजर.

"शाळेच्या पोरांसाठी ना ताई? कधीपण घेऊन या, दरवाजा उघडाच असतो," असं म्हणून ते कुशीवर वळले.

आपण कधीही म्हणजे कधीही असंच समजतो ना? मीही तेच समजले.

तारीख मात्र मी कुणालाही सांगायची नाही असं ठरवलं. ती माहीत होती फक्त मला, मुख्याध्यापिका बाईंना आणि अग्निशमनाच्या संग्राम साहेबांना. प्रल्हादने, म्हणजे आमच्या ह्यांनी, जेवताना भीत भीत सुचवलं, की लग्नसराई आहे, त्या काशीरामला तरी विचारून घे.

"आग काय मुहूर्त बघून लागते?" मी म्हटलं.

त्यांनी मुकाट्याने आमटी ओरपली. लग्नाला अठरा वर्षं झाली की माणसाला कधी ओरपायचं ते बरोबर कळतं.

शिक्षकांची बैठक घेतली. घंटा झाली की दप्तर, डबा, बाटली, सगळं जागेवर सोडायचं. रांगेत चालताना एक अक्षर बोलायचं नाही, कुणी काही विचारलं तरी नाही. हॉलमध्ये शिरल्यावर दिसेल त्या जागी बसायचं आणि शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला तेव्हा चढलं होतं. मी आणखी ठणकावून सांगितलं, "ऐनवेळी वाटेत अडथळे येतील. मी ते मुद्दामच ठेवलेत. गोंधळायचं नाही, पुढे जात राहायचं!" खरं तर अडथळा म्हणून मी फक्त जिन्यात एक बाक आडवा टाकणार होते.

तर शुक्रवार. सकाळी अनुष्काशी माझी कशावरून तरी वाजली आणि रागाच्या भरात मी तिच्या डब्यात कारल्याची भाजी भरली. ती भाजी दर वेळी जशीच्या तशी परत येते, तरी मी देते. माझंही काही तत्त्व आहे.

मधल्या सुट्टीच्या जरा आधी घंटा झाली आणि काय सांगू तुम्हाला! आठवी, नववी, दहावी, साडेतीनशे पोरं मुंग्यांसारखी शिस्तीत निघाली. जिन्यातला बाक त्यांनी असा ओलांडला, जणू तो जन्मापासून तिथेच होता. रांगेच्या पुढे पीटीचे जितेश सर, गळ्यात शिट्टी. अनुष्का माझ्यासमोरून गेली. सूचनाफलकाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. पण चाल मात्र अगदी योजनेबरहुकूम!

संग्राम साहेब मिशीतल्या मिशीत खूश झाले. "मॅडम, तुम्ही आधी कुठे होतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरीच.

कुणी मागे राहिलंय का ते बघायला आम्ही दोघं सगळी शाळा फिरलो. प्रयोगशाळा, मोऱ्या, अडगळीची खोली, सगळीकडे डोकावलो. त्यात बराच वेळ गेला. मग आम्ही ऐटीत रस्ता ओलांडला.

आधी सनई ऐकू आली. काशीरामने रेडिओ लावला असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग झेंडूची कमान दिसली. मग गुलाबपाण्याची झारी घेऊन उभी असलेली एक बाई दिसली आणि तिनं आमच्या दोघांच्याही अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. संग्राम साहेबांनी मिशी पुसली आणि मला विचारलं, "हेही योजनेत आहे?"

आतलं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. टेबलांच्या लांबच लांब रांगा, आणि त्यांच्यापुढे बसलेली आमची निळ्या गणवेशातली साडेतीनशे पोरं, पाठीचे कणे ताठ, तोंडातून शब्द नाही. समोर ताटं. ताटांत मसालेभात, वालाचं बिरडं, पोळी, दोन-दोन जिलब्या. आणि पोरं जेवतायत! खाऊ नका असं माझ्या योजनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी जितेश सरांना गाठलं. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि तोंडात जिलबी.

"बाई, मानलं तुम्हाला," ते जिलबीच्या पलीकडून म्हणाले. "अडथळे म्हणजे मला वाटलं, फार तर एखादं टेबल असेल. तुम्ही अख्खं लग्न उभं केलंत!"

पुढचं हळूहळू उलगडलं. लग्न नुकतंच लागलं होतं. वऱ्हाडी पुढच्या मांडवात फोटो काढण्यात गुंतले होते आणि आत पहिली पंगत मांडून तयार होती. दिसेल त्या जागी बसायचं, या नियमाप्रमाणे पोरं बसली. माणसं बसलेली दिसताच वाढप्यांनी वाढायला सुरुवात केली. मुलीकडच्या एका मावशींनी चार-पाच मुलांना विचारलं, बाळांनो, तुम्ही कुणाकडचे? पण बोलायचं नाही हा नियम! पोरांनी नुसत्या माना खाली घातल्या. मावशींना वाटलं, मुलाकडची असतील, लाजतायत बिचारी.

त्यातून नवऱ्या मुलाचे वडील निघाले निवृत्त शिक्षक. मनवेलपाड्याला सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यामुळे मुलीच्या वडिलांची, आगाशीच्या रामनाथ यांची, पक्की खात्री झाली, की गुरुजींनी वऱ्हाडात आपली अख्खी शाळा आणलीय. आता व्याह्यांना तोंडावर कसं विचारायचं, की एवढी माणसं का आणलीत? आणि गुरुजींना वाटलं, आपण शिक्षक म्हणून रामनाथरावांनी गावातल्या विद्यार्थ्यांना स्वागताला बोलावलंय. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हॉलमधला माईक घेतला आणि विद्यार्थीजीवनावर भाषण सुरू केलं. मी पोहोचले तेव्हा ते वेळेचं महत्त्व सांगत होते. साडेतीनशे मुलं चिडीचूप ऐकत होती. उभ्या नोकरीत त्यांना असा वर्ग मिळाला नसणार.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात मला रामनाथ दिसले. केळीच्या बागेत उभं आयुष्य गेलेला माणूस, अंगावर नवाकोरा सफारी, आणि आचाऱ्यासमोर हात जोडून उभा. आचारी सांगत होता, की दुसऱ्या पंगतीला भात निघेल, पण पोळ्या, भाजी, गोड काही नाही, आणि नवीन करायचं तर संध्याकाळ होईल. मुलाकडचं एकही माणूस अजून जेवलेलं नव्हतं.

एका लेकीसमोर मिरवायला म्हणून मी दुसऱ्याच्या लेकीचं लग्न उपाशी ठेवलं होतं. मी पुढे गेले आणि सगळं सांगून टाकलं. जपान, काशीराम, गुपित तारीख, सगळं. शेवटी म्हटलं, "दादा, मी आत्ता मुलांना उठवते."

रामनाथांनी आचाऱ्याला आत जायला खुणावलं. ओरडतील असं वाटलं, तर खालच्या आवाजात म्हणाले, "नको ताई. जेवत्या माणसाला पानावरून उठवायचं नसतं. ती जेवू देत पोटभर." मग म्हणाले, "पन आता व्याह्यांच्या पुढ्यात काय वाढू, तेवढं तुम्हीच सांगा. पोरीला उद्यापासून त्यांच्याच घरात राहायचंय."

माझ्या आराखड्यात पूर होता, भूकंप होता, गॅसगळती होती. व्याही उपाशी राहण्याचं कलमच नव्हतं.

आणि तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शिट्टी झाली नव्हती, तरी एक मुलगी उठली. सगळी शाळा तिच्याकडे बघायला लागली. गुरुजींचं भाषणही थांबलं. अनुष्का दोन टेबलांच्या मधून सरळ माझ्याकडे चालत आली. मी मनात म्हटलं, आली, आता हिनं मला सगळ्यांसमोर झापलं की मी सुटले.

"आई," ती म्हणाली. चांगलं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आई, डबे."

"काय?"

"साडेतीनशे डबे शाळेत तसेच पडलेत ना. तूच सोडायला लावलेस."

खोटं कशाला बोलू, मला आधी डबे ऐकूच आले नाहीत. दोनदा आई म्हणाली, एवढंच ऐकू आलं.

मग मात्र धावपळ! आमच्यामागून येऊन पोहोचलेल्या मुख्याध्यापिका बाईंनी मान डोलावली, संग्राम साहेबांनी माणसं दिली, आणि अग्निशमनाच्या जवानांनी इतिहासात प्रथमच पोळी-भाजीची सुटका केली. पण वऱ्हाडासमोर शाळेचे डबे ठेवायचे कसे? रामनाथांचा चेहरा पांढराफटक. मी सरळ गुरुजींपुढे जाऊन उभी राहिले आणि पुन्हा सगळा पाढा वाचला. विद्यार्थी आपल्यासाठी आलेले नाहीत, हे ऐकून त्यांचा चेहरा थोडा उतरला. मग त्यांनी सतरंजीवर मांडलेल्या डब्यांकडे पाहिलं.

"मधल्या सुट्टीत डबा उघडून किती वर्षं झाली," ते म्हणाले आणि एक डबा उचलून सतरंजीवर मांडी घालून बसले.

झालं! व्याहीच बसले म्हटल्यावर मानापानाचा प्रश्नच मिटला. सगळं वऱ्हाड डब्यांवर तुटून पडलं. शालू नेसलेल्या आत्याबाई, तुझ्यात काय, माझ्यात बटाटा, असं करत अदलाबदल करायला लागल्या. कोटातले काका एका डब्यातल्या नूडल्ससाठी भांडले. एका डब्यात कुणाच्या तरी आजीने दिलेली सुकेळी निघाली, ती तर रामनाथांनी हातोहात लांबवली. आपल्या भागातलं सुकवलेलं केळं बघितल्यावर त्यांना प्रथमच घास गोड लागला. नवरा-नवरीनं, संजना नाव त्या मुलीचं, एका डब्यातले कांदेपोहे एकाच चमच्यानं खाल्ले. तोंडावर आलेलं भांडण असं पोह्यांत विरलं.

संग्राम साहेबांनी जाताना निकाल सांगितला. शाळा रिकामी करण्यात पैकीच्या पैकी. पण सुरक्षित जागेवरून विद्यार्थी परत यायला तयार होत नाहीत, त्यावर काहीतरी उपाय करा, म्हणाले. खरंच होतं. दहावीच्या वर्गाने आईस्क्रीमची चौकशी केली होती.

संध्याकाळी अनुष्का घरी आली आणि आपला निळ्या झाकणाचा डबा ओट्यावर ठेवून गेली. मी उघडला. लख्ख! तेलाचा डागसुद्धा नाही. वर्षभरात पहिल्यांदा कारलं संपलं होतं. माझे डोळे भरून यायला लागले, आणि मग आठवलं. सतरंजीच्या टोकाचा निळ्या झाकणाचा डबा गुरुजींनी उचलला होता. ताटात काही टाकू नये, असं त्यांनी भाषणात सांगून ठेवलेलं. आता टाकणार कसे बिचारे?

मी हळूच जाऊन तिच्याशेजारी बसले. शाळेत काय म्हणतात, असं विचारलं.

"सगळ्या म्हणतायत, तुझी आई भारी आहे," पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली.

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो, माझीच आई आहे ती," अनुष्कानं पान उलटलं. "पण नवरदेवाच्या बाबांनाही एकदा विचारून बघा."